कापसाचे पैसे आणि जुलैची फी

प्रिय बेटा,

परवा तुमच्या घरी आलो तेव्हा पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली होती. भाव वाढेल म्हणून आबांनी ठेवलाय. त्याच ढिगाला टेकून तू सीईटीची गणितं सोडवत होतीस. तेव्हापासून हे सांगायचं मनात आहे.

आपल्या खान्देशात कापसाचा पैसा हिवाळ्यात येतो आणि कॉलेजची फी जुलै-ऑगस्टात भरावी लागते. तोवर बियाणं, खत, उसनवारी यांतच तो संपतो. म्हणून कापूस गाडीत भरला की त्याच दिवशी आबांशी बोल. पहिल्या वर्षापुरती रक्कम तुझ्या खात्यात बाजूला ठेवायला सांग. ते नाही म्हणणार नाहीत, त्यांना कोणी आकडाच सांगितलेला नाही.

तो आकडा तू काढ. तू ओबीसीत आहेस आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, इंजिनिअरिंगला लागलीस तर 2024-25 पासून मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यात ही सवलत नाही, हे दारात येणारा एजंट सांगणार नाही. खोली, मेस, अनामत, पुस्तकं मात्र आपल्यालाच बघायची. जळगावात राहिलीस तर किती आणि पुण्यात किती, हे सीनियर मुलींना विचारून वहीत लिही. तरी कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज आहे, त्याचे हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात. सावकाराकडे मात्र आबांना जाऊ देऊ नकोस.

आता कागद. माझ्या वेळी दाखल्यावर वडिलांचं नाव एक आणि सातबाऱ्यावर दुसरं होतं. दुरुस्ती होऊन प्रमाणपत्र हातात आलं ते मुदत संपल्यावर चौथ्या दिवशी. सरकारी कॉलेजातली जागा गेली. कचेरीच्या पायरीवर टोपी हातात धरून बसलेले वडील मला अजून दिसतात. तुझ्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही.

जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात, तो अर्ज कॉलेजमार्फत याच महिन्यात कर. नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचं ओबीसींचं प्रमाणपत्र, आत्ताच काढायची घाई मात्र नको. प्रवेशाला पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत चालणारं लागतं, म्हणून ते आणि उत्पन्नाचा दाखला एप्रिल लागताच काढू. जूनमध्ये दाखले देणाऱ्या सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. आणि बँकेत जाऊन खातं आधारशी जोडलंय का ते स्वतः विचार, महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे, पैसे त्याशिवाय येत नाहीत. तिथला अर्जही दरवर्षी नव्यानं भरावा लागतो.

रविवारी सकाळी ये. शाळा सोडल्याचा दाखला, आबांचं आधार कार्ड आणि सातबारा आण, तिन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर लावून बघू. काकू भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या करणार आहे, आबांनाही सोबत घेऊन ये.

तुझे सर