धडधड सुरू असतानाचा ईसीजी हातचा जाऊ देऊ नका

भाऊ, तुमच्या बहिणीबद्दल तुम्ही इथं लिहिलेलं वाचलं अन् माझेच दिवस आठवले. तिचंही तेच, लहानपणी हृदयाचं छिद्र बुजवलेलं, आता तिशीत एकाएकी धडधड, तालुक्याला पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल, मग डॉक्टर म्हणणार टेन्शन आहे. माझं टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे छिद्रासकट हृदयाचे चार जन्मजात दोष, ऑपरेशन आठव्या वर्षी झालं.

घाबरल्यावरची धडधड चढत जाते, उतरत येते. माझी कापूस वेचताना बटण दाबल्यासारखी सुरू व्हायची. खाटेवर तासभर पडून राहिली तरी नाडी 148, ना वर ना खाली. हृदयावरच्या जुन्या टाक्यांच्या व्रणाभोवती वीज गोल फिरत राहते म्हणून असं होतं, ऑपरेशनला वीस वर्षं उलटल्यावरसुद्धा.

माझी चूक सांगते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरनं धडधड चालू असतानाच ईसीजी काढून दिला. एवढा एकच पुरावा. जपून राहावा म्हणून एसटी स्टँडजवळ लॅमिनेशन करून घेतला. मशीनमधून कागद बाहेर आला तो काळाकुट्ट. ईसीजीचा कागद उष्णतेनं काळा पडतो, हे तेव्हा कळलं. त्यानंतर दीड वर्ष 'टेन्शन'च्या गोळ्या खाल्ल्या. म्हणून सांगते, बारा लीडचा (हातापायांना, छातीला तारा लावून काढतात तो पूर्ण) ईसीजी निघाला की तिथंच मोबाईलवर फोटो काढा, तारीख-वेळ दिसली पाहिजे.

ऑपरेशनचे कागदही शोधा. काप कुठं घेतला, पॅच (ठिगळ) कुठं लावला, हे डॉक्टरांना लागतंच. माझं ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्डवाल्यांनी पाच चकरा मारायला लावल्या, दर वेळी पहाटेची एसटी, अन् शेवटी 'फाइल नाही'. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी विचारण्यात माझं वर्ष गेलं.

मी डॉक्टर नाही, पण माझ्या मते नुसत्या हृदयरोगतज्ज्ञावर थांबू नका. जन्मजात दोष असलेले मोठे पेशंट पाहणारा आणि ईपी (हृदयातल्या विजेची तपासणी) करणारा, असे दोघं हवेत. एमिओडॅरोन या ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या गोळीनं मला आराम पडला, पण थायरॉइड बिघडलं. ॲब्लेशनचं, म्हणजे नळी आत घालून विजेची ती चुकीची वाट बंद करण्याचं, मीच आधी विचारायला हवं होतं. ते पुन्हा करावं लागू शकतं, हे धरून चाला. रक्त पातळ करायची गोळी दिली तर बरं वाटतं म्हणून बंद करू नका, गुठळी मेंदूत गेली तर लकवा होतो. ती गोळी ॲसिट्रॉम असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारी तपासणी) वेळेवर करा. अंबाडी, मेथी खा, फक्त प्रमाण रोज सारखं ठेवा.

धडधड चालू असताना चक्कर आली किंवा शुद्ध हरपली तर ईसीजीचं नंतर, आधी 108. हृदयाच्या खालच्या कप्प्यातली गडबड असू शकते, ती जीवघेणी असते.

तिचं ऑपरेशन कितव्या वर्षी झालं, पॅच लावला होता का, आईला विचारून इथंच लिहा.