मेडिकलच्या फॉर्मवर जुना आजार लिहायचा का?

पायलट व्हायचं ठरवलेली मुलं आणि त्यांचे पालक माझ्याकडे येतात तेव्हा सुरुवातीला अभ्यास, झोप, एकाग्रता असं काहीतरी सांगतात. खरा प्रश्न बऱ्याच वेळाने, आवाज खाली आणून विचारला जातो: फॉर्मवर जुना आजार लिहायचा की नाही? कुणाला लहानपणी दमा होता, कुणाला तापात झटका आला होता, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं. सगळ्यात जास्त धास्तावलेली असतात ती मनाच्या आजारावर कधीतरी उपचार घेतलेली मुलं. त्यांच्यातल्या एका मुलीची गोष्ट तिच्या संमतीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती १९ वर्षांची. शाळेच्या शेवटच्या वर्षी तिला नैराश्य आलं होतं. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम सुरू केलं, जोडीला समुपदेशन झालं, ती सावरली आणि डॉक्टरांच्याच सल्ल्याने औषध हळूहळू कमी करून थांबवलं. आता फ्लाइंग स्कूलची फी भरायची वेळ आली होती आणि फॉर्मवरचा एक प्रश्न सगळं घर व्यापून बसला होता: नैराश्य, चिंता किंवा इतर मानसिक आजारासाठी कधी उपचार घेतले आहेत का? आई म्हणत होती, नाही लिही. मुलीला ते पटत नव्हतं, पण हो लिहायचं धैर्यही होत नव्हतं.

मला फॉर्मपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने काळजीत टाकलं. तिची झोप पुन्हा बिघडली होती, आणि जुन्या डॉक्टरांना फोन करायला ती तयार नव्हती. का, तर "नवीन नोंद होईल". आजार लपवण्याच्या विचारातून उपचार टाळणं सुरू झालं होतं. मेडिकल बाजूला ठेवून आम्ही आधी यावरच बोललो. मी तिला एवढंच विचारलं, "पायलट व्हायचं नसतं, तर या झोपेसाठी तू कुणाकडे गेली असतीस?" उत्तर तिला माहीत होतं. ती डॉक्टरांकडे गेली. तपासणीत नैराश्य परतलेलं नाही, हा ताण आहे असं निघालं, आणि तेवढ्यानेच तिची निम्मी भीती उतरली.

पुढच्या भेटीला वडील आले. चांगला माणूस, पण चिडलेला. म्हणाले, "मॅडम, तेव्हा हिला डॉक्टरकडे नेलंच नसतं तर आज हा प्रश्नच आला नसता." मुलगी शेजारीच बसली होती. मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही नेलंत, म्हणून आज ती हा फॉर्म भरायला बसली आहे. त्या निर्णयाबद्दल तिच्यासमोर वाईट वाटून घेऊ नका." बराच वेळ कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी मेडिकलबद्दल फारसं काही झालं नाही, पण या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची भेट मी तीच मानते.

वडिलांच्या मनात जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीचा अपघात होता. २४ मार्च २०१५ रोजी सहवैमानिकाने आल्प्समध्ये विमान मुद्दाम पाडलं, १५० माणसं गेली, आणि त्याने आजारपण कंपनीपासून लपवलं होतं. "यानंतर नैराश्य म्हटलं की कोण घेणार?" हा त्यांचा सवाल रास्त होता. पण त्याच अपघातावरचा फ्रेंच तपास यंत्रणेचा अहवाल वाचला, तर लायसन्स आणि उत्पन्न गमावण्याच्या भीतीने वैमानिक मदत मागत नाहीत, याची काळजी त्यात ठळकपणे दिसते. त्यानंतर युरोपात विमान कंपन्यांना वैमानिकांसाठी सहकाऱ्यांच्या आधाराची व्यवस्था ठेवणं बंधनकारक झालं. अमेरिकेत तर २०१० पासूनच नैराश्यावरची काही ठरावीक औषधं चालू असतानाही, कडक अटींवर आणि प्रत्येकाची वेगळी तपासणी करून, उड्डाणाची परवानगी मिळू शकते. एस्सिटालोप्राम त्यांतलंच एक आहे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांतही नैराश्यासाठी दार बंद नाही. औषध चालू असलेला उमेदवार अपात्रच धरावा असं ते म्हणतात, पण पुढे एक 'मात्र' आहे: वैद्यकीय मूल्यमापकाने त्या व्यक्तीचा सगळा तपशील पाहिला आणि आजारामुळे उड्डाणात अडथळा येण्याची शक्यता नाही असं त्याचं मत झालं, तर गोष्ट वेगळी. सगळा तपशील पाहिला, हे शब्द मी त्या तिघांना दोनदा वाचून दाखवले. लपवलेल्या आजाराला ही सवलत कशी मिळणार?

इथे एक गैरसमज काढावा लागतो. आजार कधी होता का, एवढ्यावर परीक्षक, म्हणजे मेडिकल करणारा डॉक्टर, थांबत नाही. हा माणूस हवेत असताना अचानक निकामी होण्याची शक्यता किती, आणि त्याचा निर्णय, लक्ष, प्रतिक्रिया शाबूत राहतील का, हे त्याला ठरवायचं असतं. दोन वैमानिकांच्या विमानांसाठी अनेक देशांत वर्षाला एक टक्का हा मापदंड वापरला गेला आहे, म्हणजे तशाच प्रकृतीच्या शंभर जणांत वर्षभरात एकापेक्षा जास्त जण निकामी होऊ नयेत. म्हणून काही जणांना 'फक्त दुसऱ्या वैमानिकासोबत' अशा अटीवर प्रमाणपत्र मिळतं. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींना ब्रिटनने २०१२ पासून व्यावसायिक उड्डाणाची वाट खुली केली, तीही उड्डाणाआधी आणि उड्डाणात ठरावीक वेळांनी साखर तपासण्याच्या अटीवर.

मुलीला स्लेटनची गोष्ट आवडली. डीक स्लेटन हा अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी एक. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून १९६२ मध्ये त्याला जमिनीवर बसवलं. १९७२ मध्ये तो पुन्हा पात्र ठरला आणि १९७५ मध्ये अपोलो-सोयुझ मोहिमेत अंतराळात गेला. ती म्हणाली, "म्हणजे मला दहा वर्षं थांबावं लागेल?" नाही, पण थांबावं लागू शकतं, आणि थांबणं म्हणजे नकार नव्हे, हे आम्ही तेव्हाच बोलून घेतलं. परीक्षक जागेवर निर्णय न देता फाइल वरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवतो तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं होतं. खरं तर ती नेहमीची पद्धत आहे.

आईशी मी एका वेगळ्या गोष्टीवर बोलले. क्लास १ मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, हे एकदाच काढून ठेवायचं कागदपत्र नाही. ते साधारण १२ महिन्यांचं असतं, वय वाढलं की काही वैमानिकांना दर ६ महिन्यांनी. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, प्रत्येक वेळी सही. आज 'नाही' लिहिलं तर मुलीला ते निवृत्तीपर्यंत दरवर्षी पुन्हा लिहावं लागेल, औषधाचं एखादं जुनं बिल किंवा विम्याचा दावा कधी समोर येईल या धास्तीत. आणि पुन्हा कधी मन खचलं, तर ती कुणाकडे जाणार? आईने यावर मान हलवली नाही, वादही घातला नाही. दोन दिवसांनी तिनेच जुनी प्रिस्क्रिप्शन्स शोधून काढली.

मी विमानवैद्यकाची डॉक्टर नाही, त्यामुळे पात्र की अपात्र हे मी सांगत नाही. फी भरण्याआधी मान्यताप्राप्त परीक्षकाला भेटा, हे मात्र आग्रहाने सांगते. या मुलीच्या घरच्यांनी नुसतं 'ठीक आहे' असं पत्र न नेता मानसोपचारतज्ज्ञांकडून सविस्तर अहवाल घेतला: निदान काय होतं, कधी सुरू झालं, कोणतं औषध किती मात्रेत, कधी थांबवलं, आत्महत्येचे विचार किंवा रुग्णालयात दाखल होणं होतं का, तेव्हापासून शिक्षण आणि रोजचं आयुष्य कसं चाललं आहे. परीक्षकाला शंका राहते ती बहुधा तारखांच्या फटींमध्ये. झोपेच्या तक्रारीसाठी झालेली अलीकडची भेटही त्यांनी अहवालात घातली. वडिलांना ते खटकलं, मुलीने आग्रह धरला.

फॉर्मवर तिने 'हो' लिहिलं. फाइल वर गेली, मानसशास्त्रीय चाचण्या झाल्या, काही महिने गेले. खासगी उड्डाणापुरतं क्लास २ मिळालं. क्लास १ साठी आणखी काही काळ औषधाविना स्थिर राहिल्याचा नवा अहवाल मागितला आहे. तोवर मोठी फी भरायची नाही, असं घरात ठरलं आहे. ती पदवीचा अभ्यास करते आणि डॉक्टरांना ठरल्या वेळी भेटते.

प्रत्येकाचं असं होत नाही. अपस्मार, सायकोसिस, बायपोलर अशा निदानांत व्यावसायिक वैमानिकाचं दार बहुतेक बंदच असतं, आणि ते मी गोड करून सांगत नाही. अशा मुलांना मी हवाई वाहतूक नियंत्रकाचा पर्याय सहज सुचवत नाही, कारण तिथेही क्लास ३ मेडिकल लागतं. फ्लाइट डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणाचं नियोजन करणारा) किंवा विमान देखभाल अभियंता यांच्या परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमांत अशी वैद्यकीय श्रेणी नाही. एका मुलाने हे ऐकल्यावर लगेच नको म्हटलं. काही आठवड्यांनी डिस्पॅचर दिवसभर नेमकं काय करतो, हे विचारायला तो परत आला.