रिलॅक्सर सोडल्यानंतरचे केस: सुरुवात कुठून करायची

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अटलांटातली तुमची सून कृष्णवर्णीय अमेरिकन आहे. शाळेत असल्यापासून ती रिलॅक्सर हे रसायन लावून केस सरळ करत आली आणि चार महिन्यांपूर्वी तिने ते थांबवलं. आता मुळाशी घट्ट कुरळे, खाली सरळ, मधेच तुटतात आणि 'वाढतच नाहीत'. इथून खोबरेल पाठवू का, आणि डिसेंबरात ती पुण्याला आली की काय काळजी घ्यायची, हेही तुम्ही विचारलंय.

आधी 'वाढत नाहीत' हे मनातून काढून टाका. आफ्रिकी वंशाचे केस महिन्याला साधारण 0.8 सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर. पण वाळल्यावर ते आकसतात आणि अर्ध्याहून जास्त लांबी दिसतच नाही. त्यात मुळाशी जेवढे उगवतात तेवढेच शेंड्याला तुटत असतील तर वर्षानुवर्षं केस तिथेच राहिल्यासारखे वाटतात. तेव्हा वाढवण्याच्या गोळ्या आणि तेलं बाजूला ठेवा. उगवलेला केस शेंड्यापर्यंत शाबूत ठेवणं, एवढंच काम आहे.

हे केस तुटतात का? मूळच वाकडं असतं, केस चपटा आणि मळसूत्रासारखा पिळलेला निघतो. डोक्याच्या त्वचेतलं नैसर्गिक तेल सरळ केसावरून खाली घरंगळतं, इथे ते वळणांत अडकतं आणि शेंडे कोरडे राहतात. प्रत्येक वळण ही कमकुवत जागा असते. तुमच्या सुनेच्या बाबतीत आणखी एक भर आहे. रिलॅक्सरमधला अल्कली केसाच्या आतले गंधकाचे बंध कायमचे तोडतो आणि ते कोणत्याही कंडिशनरने परत जुळत नाहीत. नवा कुरळा आणि जुना सरळ केस जिथे मिळतात, तिथेच ताण येऊन केस तुटतो. त्यामुळे दोनच मार्ग उरतात. एकतर पाच-सहा सेंटिमीटर नवे केस आले की जुने एकदम कापून टाकायचे, नाहीतर दर सहा-आठ आठवड्यांनी एक-दोन सेंटिमीटर छाटत वर्ष-दीड वर्ष काढायचं. दुसऱ्या मार्गात त्या सांध्यावर कंगवा कधीच ओढायचा नाही.

कंटाळून परत रिलॅक्सरकडे वळावंसं वाटलं तर तिला हे माहीत असू द्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 33,947 स्त्रियांचा अनेक वर्षं मागोवा घेऊन 2022 मध्ये निष्कर्ष मांडले. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण अंदाजे 1.64 टक्के होतं, तर वर्षात चारहून जास्त वेळा वापरणाऱ्यांत 4.05 टक्के. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तरी निर्णय घेताना तो विचारात घ्यावा एवढा ठळक आहे.

आता धुण्याचा दिवस. आठवड्यातून एकदा, फार तर दहा दिवसांनी. आपल्यासारखं दिवसाआड नको आणि महिनाभर न धुणंही नको. कोरड्या केसांचे बोटांनी चार भाग करायचे, दाट असतील तर सहा-आठ, आणि प्रत्येक भाग सैल पिळून बांधायचा. शॅम्पू थोड्या पाण्यात पातळ करून फक्त डोक्याच्या त्वचेवर, बोटांच्या पेरांनी. केसांना खाली वाहणारा फेस पुरतो. सगळे केस डोक्यावर गोळा करून चोळले की असा गुंता होतो की तो कापावाच लागतो. महिन्यातून एकदा साचलेला थर काढणारा शॅम्पू वापरावा, कारण क्रीम-तेलाचा थर बसला की पाणी आत जातच नाही आणि 'काहीच लागू पडत नाही' अशी तक्रार सुरू होते.

गुंता फक्त ओल्या, कंडिशनरने बुळबुळीत झालेल्या केसांत सोडवायचा. एका भागाला मूठभर कंडिशनर लावा, कंजुषी करू नका. आधी बोटं, मग रुंद दातांचा कंगवा, शेंड्यापासून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे. कोरड्या केसांत फणी घालायची आपली सवय इथे सर्वात जास्त नुकसान करते. मग दाट कंडिशनर लावून टोपीखाली पंधरा ते तीस मिनिटं ऊब द्यायची. रात्रभर ठेवून जास्त काही मिळत नाही.

टॉवेलने घासू नये, जुन्या सुती टी-शर्टने दाबून पाणी टिपावं. केस ओलसर असतानाच न धुता ठेवायचं कंडिशनर, त्यावर तेलाचे चार-पाच थेंब, त्यावर क्रीम. केस बारीक असतील तर क्रीम वगळा, नाहीतर ते चिकट होऊन लोंबतात. शेंड्यांना जास्त, मुळांना कमी. दोन पेडांचे आठ-दहा पीळ घालून पूर्ण वाळू द्या. झोपताना सॅटिनची टोपी किंवा उशीचा अभ्रा, कारण सुती अभ्रा ओलावा शोषतो. आठवड्याच्या मधे पाण्याचा हलका फवारा पुरे.

ओला केस ताणून पाहायची सवय तिला लावा. थोडा ताणून परत आला तर ठीक. चिकट होऊन ताणतच गेला तर केसांना लावायचा प्रथिनांचा उपचार हवा, तोही चार-सहा आठवड्यांतून एकदाच. ताणताक्षणी तटकन तुटला तर ओलावा कमी आहे, आणि प्रथिनं वाढवली तर तो काडीसारखा कडक होईल. केस ग्लासातल्या पाण्यात टाकून बुडतो का पाहण्याच्या चाचणीवर माझा विश्वास नाही. केसावरचं तेलही निकाल बदलतं.

आता तुमचं खोबरेल. पाठवा, अगदी पाठवा. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुण्याआधी लावल्यास प्रथिनांची झीज कमी करतं. खनिज तेल आणि सूर्यफूल तेल ते करू शकलं नाही. म्हणून धुण्याच्या आदल्या रात्री दोन चमचे केसांना लावायचं. पण तेल म्हणजे ओलावा नव्हे. कोरड्या केसावर चोपडलं तर कोरडेपणाच झाकला जातो. डोक्यात कोंडा किंवा खाज असेल तर त्वचेवर अजिबात लावू नये, कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते.

वेण्या घालून केस जपायचे असतील तर सहा-आठ आठवड्यांहून जास्त ठेवू नयेत. घालताना दुखलं, कपाळाच्या कडेला पुटकुळ्या आल्या, तर त्या घट्ट आहेत. त्याच दिवशी सोडवायला सांगा. ओढ लागून गेलेले कडेचे केस सुरुवातीला परत येतात, वर्षानुवर्षं ओढ राहिली तर येत नाहीत. वेण्या सोडल्यावर केसांचा पुंजका हातात आला तर घाबरू नये. रोज गळणारे पन्नास ते शंभर केस आत अडकून बसलेले असतात. ते मोकळे करूनच मग पाणी लावावं.

मात्र टाळूवर मधोमध केस विरळ होत बाहेर पसरत असतील, तिथे जळजळ किंवा दुखरेपणा असेल, त्वचा गुळगुळीत चमकत असेल, तर दिनक्रम बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. कृष्णवर्णीय स्त्रियांत आढळणाऱ्या एका आजारात मुळांच्या जागी व्रण तयार होतात आणि गेलेलं मूळ परत येत नाही. इथे दोन महिने थांबणंही महागात पडतं.

पुण्यात तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर क्षार काढणारा शॅम्पू तिला सोबत आणायला सांगा, आणि शेवटचं धुणं गाळलेल्या पाण्याच्या एका बादलीने. डिसेंबरची हवा कोरडी असते, तेव्हा ग्लिसरीन जास्त असलेलं क्रीम टाळावं, ते केसातलाच ओलावा ओढून घेतं. आणि घरात कोणी प्रेमाने घट्ट वेणी घालायला बसलं, तर ताई, तुम्हीच त्यांना थांबवा.