लडाखचे दगड पहिल्यांदा बघताना

दगडांची झीज बघायला सुरुवातीलाच लडाख निवडलंस, फार छान! झाडोरा कमी, त्यामुळे दगड कसे फुटतात ते तिथे उघड दिसतं.

पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि त्यानेच दगड फुटतो, हे शाळेतलं उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. भेगेत तयार झालेला बर्फ आजूबाजूचं पाणी ओढून घेत वाढतो आणि भेग रुंदावतो. म्हणून थंडीइतकाच ओलावाही शोध. बर्फ वितळून पाणी झिरपतं अशा कड्याखाली धारदार दगडांचा खच दिसेल.

मीठही दगड फोडतं; ते बघायला त्सो कार या खाऱ्या सरोवरावर जा. साडेचार हजार मीटर उंची आहे, त्यामुळे आधी लेहमध्ये दोन-तीन दिवस विश्रांती घेच. काठावरच्या पांढऱ्या थराचे फोटो सगळेच काढतात. पण दगड पोखरतात ते छिद्रांच्या आत वाढणारे स्फटिक. दगडावर बोट घास, भुगा सुटतो का बघ.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- प्रत्येक भेग बर्फाच्या नावावर घालणं. कित्येक भेगा मुळातच खडकात असतात.
- फोटोत मापासाठी पेन न ठेवणं.
- ऊन चढल्यावर कड्याखाली रेंगाळणं. बर्फाने धरून ठेवलेले दगड तेव्हाच सुटतात. ही चूक अजिबात करू नकोस.

क्षारांचं रसायनशास्त्र नंतर बघू. परत आलास की फोटो दाखव.