मैदानावरून : सिडनीतल्या क्लब रग्बी लीगविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वेंटवर्थव्हिलला आमच्या घराजवळच्या रिंगरोज पार्कवर रग्बी लीगचे सामने होतात. टीव्हीवर दिसणाऱ्या एनआरएलशी (नॅशनल रग्बी लीग, इथली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा) यांचा संबंध काय? जिंकत राहिला तर हा क्लब वर जातो का?

उत्तर : जात नाही. एनआरएलमधली जागा परवान्यावर मिळते, गुणतक्त्यावर नाही. त्याखाली एनएसडब्ल्यू (न्यू साउथ वेल्स) कप, मग रॉन मॅसी कप, मग सिडनी शील्ड आणि त्याखाली जिल्ह्याजिल्ह्यातल्या ए-ग्रेड स्पर्धा, अशी ही उतरंड आहे. वर जातो तो खेळाडू. क्लब आपल्याच पायरीवर राहतो.

पण खालची पायरी म्हणून या क्लबांना कमी लेखू नका. १९०८ साली सिडनीची पहिली स्पर्धा झाली तेव्हाच्या नऊ क्लबांत ग्लीब होता, न्यूटाऊन होता. ग्लीबला १९२९नंतर वगळलं. तेच नाव पुढे रॉन मॅसी कपमध्ये पुन्हा मैदानात आलं. न्यूटाऊन १९८३च्या मोसमानंतर वरच्या स्पर्धेतून बाहेर पडला, मेट्रोपॉलिटन कपमधून पुन्हा उभा राहिला आणि एनएसडब्ल्यू कपपर्यंत पोहोचला. मॅरिकव्हिलच्या हेन्सन पार्कवर त्यांचा सामना एकदा तरी बघा. ज्यांच्या नावाने कप आहे ते रॉन मॅसी हे प्रशिक्षक जॅक गिब्सन यांचे अनेक वर्षांचे सहकारी.

प्रश्न : मुलगा सिडनी शील्डमध्ये हूकर (टॅकलनंतर चेंडू उचलून पास देणारा) खेळतो. त्यांच्या संघाला दर सामन्यात प्ले-द-बॉलच्या वेळी पेनल्टी बसतात. दर वेळी ‘दहा मीटर’ आणि ‘मार्कर’ एवढंच कानावर येतं. नेमकं कुठे चुकतं?

उत्तर : खालच्या ग्रेडचे निम्मे सामने इथेच हरले जातात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

टॅकल म्हणजे चेंडूवाल्याची पकड. रेफरीने ‘हेल्ड’ म्हटलं की टॅकल संपला. पकडणाऱ्यांनी लगेच सोडायचं. चेंडूवाला उठतो, समोर तोंड करून चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे सरकवतो. हाच प्ले-द-बॉल. त्याच्या पुढ्यात बचावाचे जास्तीत जास्त दोन मार्कर, तेही एकामागे एक, सरळ रेषेत. बाकीचे सगळे दहा मीटर मागे, रेफरी उभा असतो त्या रेषेत. स्वतःची ट्रायलाइन (गुणांसाठी चेंडू जिच्यावर किंवा पलीकडे टेकवतात ती रेषा) दहा मीटरच्या आत असेल तर ट्रायलाइनवर.

पेनल्टी बसतात त्या तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे दुसरा मार्कर. तो दमलेला असतो, टॅकलमधून उठतो आणि जिथे उठला तिथेच, बाजूला उभा राहतो. तिथून डमी हाफला (मागे सरकवलेला चेंडू उचलणाऱ्याला) पकडलं की शिट्टी वाजणारच. त्याला एकच सवय लावा : आधी पहिल्या मार्करच्या पाठीमागे जा, मग चेंडूकडे बघ. त्याला उशीर झाला असेल तर त्याने त्या वेळी टॅकल करायचाच नाही, दुसऱ्याला करू द्यायचा.

दुसरं, मागे जाणारी फळी. चेंडूकडे बघत उलटं पळत गेलं की आठव्या मीटरला पाय थांबतात आणि माणूस मागे पोहोचायच्या आधीच पुढे निघतो. पहिली तीन-चार पावलं वळून पळायची, मग फिरायचं. रेषा जुळवायची ती रेफरीच्या पायांशी. तिसरं, टॅकल झाल्यावर अंगावर लोळत राहणं. पायाशी असलेल्याने आधी सुटायचं आणि मार्कर व्हायचं, वरच्याने लगेच त्याच्या पाठोपाठ.

सरावात दहा मीटरवर कोन ठेवा आणि सहा टॅकलचा पूर्ण सेट (एका संघाची चेंडूची पाळी) खेळवा. मिनिट-दीड मिनिट विश्रांती देऊन असे चार सेट. चुका तिसऱ्या-चौथ्या सेटला दिसू लागतात, कारण त्या थकव्यातूनच येतात. ताज्या पायांवर हा सराव घेऊन काहीच हाती लागत नाही.

हूकर म्हणून तुमच्या मुलासाठी : चेंडू जमिनीवरून थेट पास करायचा. उचलून एक पाऊल मागे घेतलं की समोरची फळी तेवढी जवळ येते आणि पुढच्या खेळाडूला चेंडूबरोबरच खांदाही मिळतो.

प्रश्न : वय २७. बरीच वर्षं कबड्डी खेळलो आहे. ए-ग्रेड क्लबच्या चाचणीला जावं का? पकडीचा फायदा होईल?

उत्तर : जरूर जा. खाली वाकलेलं अंग, पावलं आणि समोरच्याच्या कमरेवरची नजर, ही तिन्ही इथे कामाला येतात. पण नुसता घोटा धरून भागत नाही. पाय अडकले तरी चेंडूवाल्याचे हात मोकळे असतात आणि पडता पडता तो ऑफलोड, म्हणजे पकडीतूनच पास, देतो. पुढचा पाय त्याच्या जवळ टाका, कमरेच्या पट्ट्यात खांदा लावा, दोन्ही हातांनी कवळा आणि मग पाय चालू ठेवा. डोकं नेहमी त्याच्या पाठीच्या बाजूला, गाल त्याच्या अंगाला चिकटलेला. डोकं पुढ्यात आलं तर त्याचा गुडघा तुमच्या कपाळावर बसतो. आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग अर्ध्या वेगाने हे घोटवा.

कबड्डीची एक सवय मात्र सोडावी लागेल. मागून धरून आपलं वजन समोरच्याच्या पायांवर टाकणं इथे गुन्हा आहे. त्याने घोटे आणि गुडघे जातात. नवख्याला बरेचदा विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, उभं करतात. माझ्या मते ते चूक आहे. उंच किक झेलणं तिथे सगळ्यात कठीण. मधल्या फळीत, बाकावरून थोडा थोडा वेळ मागून घ्या.

प्रश्न : सामन्यात डोक्याला मार लागला. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात खेळू का?

उत्तर : नाही. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या २०२४च्या सूचना क्लब पातळीसाठी स्पष्ट आहेत : सामना किमान २१ दिवसांनी, आणि अंगाला अंग भिडणारा सराव सुरू करण्याआधी सलग १४ दिवस एकही लक्षण नको. दोन्ही अटी पाळायच्या. डोकेदुखी नवव्या दिवशी थांबली तर १४ दिवस तिथून मोजा. म्हणजे असा सरावच तेविसाव्या दिवसाच्या आधी नाही, सामना त्याहून पुढे. डॉक्टरांची परवानगीही घ्या. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, मान दुखणं, दोन-दोन दिसणं, हातापायांत मुंग्या, झटका किंवा वाढता गोंधळ यांतलं काहीही दिसलं तर वाट न बघता ००० या आपत्कालीन नंबरवर फोन करा.

प्रश्न : हेडगिअर घातलं तर हे टळेल?

उत्तर : टळत नाही. कान आणि डोक्याची कातडी वाचते, पण कवटीच्या आत मेंदू हलतो तो त्याने थांबत नाही. दातांच्या डॉक्टरांकडून मापाचा माऊथगार्ड मात्र करून घ्या. तो दात वाचवतो. सरावालाही तो घाला.