दारू सोडलीस, आता जेवणाची वेळ सांभाळ

भावा, संध्याकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही, असं म्हणालास. आधी सांग, दुपारी जेवला होतास का?

उपाशीपोटी रक्तातली साखर यकृत सांभाळतं. पीत होतास तेव्हाचं बघ, पोटात दारू असली की यकृत तिच्यातच गुंततं आणि नवी साखर बनवणं मंदावतं. न जेवता पिणाऱ्याचा यकृतातला साखरेचा साठाही आधीच संपलेला असतो. मेंदूला मात्र साखर सतत लागते. ती 70 mg/dL च्या खाली बरीच उतरली की माणूस बरळतो, झोकांड्या खातो, आणि घरचे म्हणतात, पुन्हा प्यायला! त्यांना आत्ताच सांगून ठेव, भांडण्याआधी ग्लुकोमीटर, म्हणजे साखर मोजायचं यंत्र, लावा. तुला इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर फारच जपायला हवं. साखर ठीक असूनही थरथर थांबत नसेल तर ती दारू सोडल्यामुळे होणारी असू शकते. लगेच डॉक्टर गाठ, अंगावर काढू नकोस.

सकाळी चहा-बिस्किटावर भागवू नकोस. शेंगदाणे घातलेले पोहे, उकडलेलं अंडं खा. खिशात फुटाणे असू देत. भूक लागली की तलफ दुप्पट वाटते, हे मी कितीतरी जणांत पाहिलंय.

आणि दारूमुळे शरीरात कमी पडणारं जीवनसत्त्व बी-1 (थायमिन) विसरू नकोस. गोंधळ, चालताना तोल जाणं, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं सुरू झालं तर थेट हॉस्पिटल. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी तिथे दारूचा इतिहास स्पष्ट सांगा, म्हणजे ते बी-1 चं इंजेक्शनही देतील. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.