स्वतःवर भरवसा असणारा माणूस सरकारी मदतीच्या विरोधात असतो का?

बहुधा थोडासा, पण प्रश्नातला ‘भरवसा’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. ‘हे काम मला जमेल’ असे वाटणे निराळे आणि ‘माझ्या आयुष्यात जे घडते ते माझ्याच हातात आहे’ असे वाटणे निराळे. ही दुसरी धारणा मोजण्याची प्रश्नावली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये मांडली. ज्यांची ही धारणा पक्की असते, ते गरिबीचे कारण परिस्थितीपेक्षा कष्टांच्या अभावात शोधतात आणि करवाढ वा अनुदान यांकडे साशंकतेने पाहतात, असा सर्वसाधारण कल दिसतो.

आमच्या बेळगाव भागातले उदाहरण घ्यायचे तर, उद्यमबागेत स्वतःची फाउंड्री उभी केलेला कारखानदार ‘मी केले, तुम्हीही करा’ असे सहज म्हणतो. निपाणीचा तंबाखू उत्पादक मात्र शेतीत कितीही तरबेज असला, तरी भाव व्यापाऱ्याच्या हाती असल्याचे त्याने आयुष्यभर पाहिलेले असते, त्यामुळे तो हमीभाव मागतो. त्यात आत्मविश्वासाची उणीव कुठे आहे? शिवाय यशामुळेही भरवसा वाढतो, म्हणून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरवणे अवघड जाते.